आधी पंगत, मग चूल

शाळेच्या स्वयंपाकघराचं काम मंजूर झाल्याचं कळवलंस आणि सोबत नकाशाही पाठवलास. फार आनंद झाला. नकाशा मी नीट पाहिला. ओटा आहे, कोठी आहे, खिडक्या आहेत, धुराडं आहे. मुलं हात कुठे धुणार, ताट घेऊन कुठून येणार आणि कुठे टेकणार, हे मात्र त्यात कुठेच दाखवलेलं नाही. तूच लिहिलं आहेस की पटावर 180 मुलं आहेत, पहिली ते पाचवीची शंभरेक मुलं मुकाट्याने जेवतात आणि सहावीपासून वरची निम्मी मधली सुट्टी होताच पसार होतात. कुणी घरी, कुणी फाटकासमोरच्या टपरीवर. ती पंगतीत परत यावीत म्हणून तर हा सगळा खटाटोप. तेव्हा नकाशा उलट्या दिशेने वाच. मुलं बसणार तिथून सुरुवात कर, मग हात धुण्याची जागा, मग वाढपाची, मग चूल, आणि कोठी सगळ्यात शेवटी. हे शहाणपण आमच्या शाळेत ज्या आजी स्वयंपाक करायच्या त्यांचं. "आधी पंगत बघा बाई, मग चूल मांडा," असं त्या म्हणायच्या. माझ्याकडे आलं ते तुझ्याकडे देते.

आपल्या शाळांमध्ये स्वयंपाकघर मागाहून आलं, हे लक्षात असू दे. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे शाळेत काही शिजत नव्हतं. 80 टक्के हजेरी भरलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचे. ते घरच्या डब्यात पडायचे आणि घरातल्या सगळ्यांच्या पोटात जायचे. 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळेत शिजवलेलंच अन्न द्या; निदान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान 200 दिवस. तोवर शाळा बांधून झाल्या होत्या. मग स्वयंपाकाच्या वाट्याला उरलासुरला कोपरा आला. कुठे मुतारीच्या शेजारी, कुठे कुंपणाला टेकून, कुठे सायकलींच्या पत्र्याखाली. मोठी मुलं जेवायला थांबत नाहीत त्याचं कारण लोक खिचडीत शोधतात. मी तुला सांगते, आधी त्या कोपऱ्यात शोध.

भिंतीला हात लावण्याआधी आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत एका जागी उभी राहा आणि नुसतं बघ. कुणाला हटकू नकोस, ओळ लावू नकोस. पोरं कुठून पळतात, कुठे घोळका होतो, कोण ताट घेऊन मागे फिरतं, कोणती मुलगी मैत्रिणीला कोपराने ढोसून "चल, नको" म्हणते, हे बघ. ऊन कुठवर येतं ते खडूने जमिनीवर आखून ठेव. दीड वाजता मार्च महिन्यात तापलेल्या फरशीवर मांडी घालून बसायचं असेल तर पंचपक्वान्नं वाढलीस तरी मूल थांबणार नाही. दुपारी सूर्य दक्षिणेकडून पश्चिमेकडे सरकत असतो, म्हणून बसायची जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या पडवीत धर. आपल्याकडे पावसाची झोडही पश्चिमेकडूनच येते, त्यामुळे जुलैतही हीच बाजू कोरडी राहते.

आता थोडं गणित. वाढपाचं एकच पातेलं असलं आणि एका ताटाला दहा सेकंद लागले, तर 180 मुलांना 1800 सेकंद, म्हणजे पुरता अर्धा तास. तुझी मधली सुट्टी तेवढीच आहे. शेवटच्या मुलाच्या ताटात भात पडतो आणि घंटा होते. ओळीत शेवटी कोण असतं? लहानांना पुढे सोडायचं म्हणून मागे ठेवलेली सहावी, सातवी, आठवी. त्या पोरांनी जेवायचं की खेळायचं? ती टपरीवर जातात कारण तिथे पाच रुपयांचं पाकीट पाच सेकंदांत हातात पडतं. 2020 च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला मनाई केली आहे. ग्रामपंचायतीला ते जरूर दाखव. पण टपरी हलवून पोरं पंगतीत बसत नाहीत. ओळ हलती ठेवलीस तर बसतात. 180 मुलांमागे निकषाप्रमाणे तीन स्वयंपाकी-मदतनीस मिळतात. तीन माणसं, तीन पातेली, तीन वाढपाच्या जागा. दहा मिनिटांत सगळ्यांची ताटं भरतात. मोठ्यांसाठी एक जागा वेगळी राखलीस तर त्यांना लहानांच्या मागे ताटकळावं लागत नाही, आणि लहानांनाही कुणाचे धक्के बसत नाहीत.

हात धुण्याचंही असंच आहे. दोन नळ असतील आणि प्रत्येक मुलाने साबण लावून वीस सेकंद हात धुतले तर पुन्हा अर्धा तास जातो. म्हणून मुलं हात धुतच नाहीत, आणि आपण त्यांना स्वच्छतेचे धडे देत बसतो. याला महागडी टाकी-बेसिनं लागत नाहीत. एक लांब पाइप घे, त्याला वीत-दीड वीत अंतरावर बारीक भोकं पाड, एका टोकाला झाकण आणि दुसऱ्या टोकाला एकच कॉक. कॉक फिरवला की पंधरा मुलं एकदम हात धुतात, कुणी नळ उघडा टाकून पळत नाही आणि पाणीही कमी जातं. चार-पाच मिनिटांत शाळा आटोपते. पाइप दोन उंचींवर लाव, एक पहिली-दुसरीच्या पोरांच्या कमरेशी, दुसरा मोठ्यांसाठी. साबणाच्या वड्या जुन्या नायलॉनच्या जाळीत बांधून पाइपलाच टांग, म्हणजे त्या मातीत पडत नाहीत आणि खिशातही जात नाहीत. खालची मोरी परसबागेकडे उतरव. त्या पाण्यावर केळी आणि अळू झकास येतात. ताटं धुण्यासाठी मात्र पाइप दुसरा हवा. जेवायला येणारं मूल आणि उष्टं ताट घेऊन जाणारं मूल एकमेकांवर आदळता कामा नये. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, हे फरशीवर रंगाने काढून ठेव.

वाढपाच्या ओट्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच सगळे चुकतात. गवंडी घरातल्या ओट्याची सवय असलेला; तो कंबरेएवढा ओटा बांधून मोकळा होतो. पहिलीतलं मूल साधारण 115 सेंटिमीटर उंच असतं. त्याच्या डोळ्यांसमोर येते ओट्याची भिंत आणि पातेल्याचा काळा बाहेरचा भाग. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. वरून डाव येतो आणि ताटात काहीतरी पडतं. तुझ्या नकाशातली उंची खाली आण. ओटा 45 ते 50 सेंटिमीटर ठेव आणि त्यावर बुटकं, पसरट पातेलं, म्हणजे काठ मुलाच्या हनुवटीच्या बराच खाली येतो. मूल आत बघतं, पिवळा भात बघतं, वरची कोथिंबीर बघतं, आणि बोट दाखवून म्हणतं, "मावशी, तिथलं द्या, थोडंसंच." ज्या मुलाने स्वतः "थोडंसंच" म्हणून घेतलं, ते ताट पुसून खातं आणि पुन्हा मागायला येतं. आपण हावरटासारखं भसकन वाढलं की ते अर्धं टाकतं. पण उंची कमी केली की पोळण्याची भीती वाढते, म्हणून पातेलं आणि मूल यांच्यामध्ये हातभर रुंदीचा कडप्पा घालून घे. ताट त्यावर टेकवायचं, मुलाचा हात पातेल्यापर्यंत पोचत नाही. आणि चुलीवरून उतरलेलं पातेलं थेट वाढपावर आणायचं नाही, दहा मिनिटं आतच मुरू द्यायचं.

आता चूल. नकाशा कंत्राटदाराला परत देण्याआधी तो स्वयंपाकाच्या मावशींसमोर जमिनीवर आख. चुन्याची फक्की घे, खऱ्या मापाचा ओटा, दरवाजा, पिंप सगळं काढ आणि त्यांना त्यात फिरायला सांग. त्या लगेच सांगतील की इथे वळताना पातेलं भिंतीला लागतं, इथून पाणी आणायचं तर चूल ओलांडावी लागते. दाराची रुंदी तर त्यांच्याशिवाय कुणी विचारणारच नाही.

तुझ्या पटाचा हिशोब मांडून बघ. पहिली ते पाचवीला डोकी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. शंभर आणि ऐंशी मुलं धरलीस तर 10 आणि 12, मिळून 22 किलो तांदूळ. शिजल्यावर तो साठ किलोंच्या आसपास जातो, वर डाळ आणि 11 किलो भाजी. हे सगळं एकाच पातेल्यात शिजवायचं आणि दोघींनी फडक्याने धरून उतरवायचं, असं कितीतरी शाळांत चालतं. मावशींची कंबर त्यातच जाते. तीन पातेली केलीस की प्रत्येकीला झेपेल असं वजन होतं. शेगडी गुडघ्याच्या थोडी वर बसव. पातेल्याचा काठ उभ्या बाईच्या कमरेशी आला की ढवळायला खांदा उचलावा लागत नाही आणि वाफ तोंडावर येत नाही.

धूर वर्गांकडे जाऊ नये, वास मात्र जावा. धुराडं उंच घे आणि तोंड वर्गांच्या उलट बाजूला ठेव. वर्गांच्या बाजूला एक रुंद खिडकी ठेव. आमच्या आजी फोडणीचं थोडं तेल, लसूण आणि कढीपत्ता बाजूला राखून ठेवायच्या आणि घंटेला पाच मिनिटं उरली की ती वरची फोडणी चरचरून द्यायच्या. वर्गात वास जायचा आणि पोरांचं लक्ष उडायचं. गणिताचे गुरुजी कुरकुर करायचे, पण पंगत भरायची.

आता जे सांगते ते डोळ्यात तेल घालून वाच. 16 जुलै 2004 ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकाच्या जागी आग लागली. छप्पर शाकारलेलं होतं, ज्वाळा वर्गांच्या छपरावर गेल्या आणि 94 मुलं जळून गेली. बरोबर नऊ वर्षांनी, 16 जुलै 2013 ला, बिहारच्या सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून 23 मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आलं होतं, तेही तेलातून. स्वयंपाकघराची जागा ठरवताना आणि कोठी लावताना ही मुलं डोळ्यांपुढे ठेव. चूल वर्गाच्या भिंतीला लागून नको. स्वयंपाकघराला दोन दरवाजे, दोन्ही बाहेर उघडणारे, आणि काम चालू असताना एकालाही कुलूप नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या जाळीच्या कपाटात उभे ठेव आणि स्वयंपाकघरातही जमिनीलगत झरोके सोड. वरच्या खिडक्यांनी तो गॅस जात नाही. नळीवर छापलेली तारीख सत्राच्या सुरुवातीला स्वतः वाच. कोठीत शेताची औषधं, फिनेल, रॉकेल, रंगाचे डबे एक दिवसासाठीही नकोत, आणि कुणी कितीही धुऊन दिला तरी औषधाचा रिकामा डबा शाळेत घेऊ नकोस. तेल कंपनीच्या बंद पाकिटातलं, पाकीट त्याच दिवशी फोडायचं. धान्याची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे घूस लागली तर लगेच दिसते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची हा नियम आहे. नोंदवहीत सही करून मोकळं होऊ नका. खरोखर वाटीभर खा.

जेवणाबद्दल तुला काय शिकवणार, पण दोन-तीन गोष्टी. खिचडी मऊ असते, रोज मऊ. टपरीवरच्या पाकिटात पोरांना कुरकुर हवी असते. ती आपण देऊ शकतो: भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, काकडी-कांद्याची कोशिंबीर, चिमूटभर भाजके पोहे, हंगामात मुळा. चमचाभर पुरतं. वाढपाच्या शेवटी लिंबाच्या फोडी ठेव. दुसरं म्हणजे वेळ. बहुतेक ठिकाणी साडेअकराला भात तयार होऊन बसतो आणि दीड वाजता त्याचा गोळा झालेला असतो. घंटेच्या अर्धा तास आधी भाताची चूल बंद व्हावी असा स्वयंपाकाचा वेळ बांध, भात नेहमीपेक्षा सैल ठेवायला सांग, आणि बाजूला एक तपेलं कढत पाणी असू दे. तिसरं, मोडाची कडधान्यं सोमवारी लावू नका. शनिवारी दुपारी भिजवलेली मटकी रविवारभर बंद खोलीत राहिली की उन्हाळ्यात तिला वास मारतो आणि एकदा त्या वासाने विटलेलं पोर महिनाभर उसळीला हात लावत नाही. सोमवारी वरण-भात, मोड मंगळवारपासून.

रोज उष्ट्याची बादली बघ. तपासणी अधिकाऱ्यापेक्षा ती खरं सांगते. अख्ख्या मिरच्या असतील तर मावशींना वाटून घालायला सांग. शेवग्याचा पाला असेल तर तो बारीक चिरून डाळीत जाऊ दे. भातच पडलेला असेल तर वाढप जास्त होतंय किंवा मुलांना वेळ पुरत नाहीये. काय पडलं ते एका ओळीत लिहून ठेव, महिन्याने वाचून बघ.

सहावी ते आठवीच्या मुलींचं वेगळं आहे. मुलांच्या रांगेसमोर तोंड उघडून खायला त्या लाजतात. त्यांना लांब पंगतीत बसवू नकोस. चार-सहा जणी तोंडाशी तोंड करून बसतील असे बुटके कट्टे बांध, झाडाभोवती एक गोल कट्टा कर. मोठ्या मुलांनाही तेच आवडतं. त्यांना मित्राचं तोंड दिसायला हवं, पाठ नाही. आणि जेवताना गप्प बसवू नका. पंगतीत बोलणं हे पोरांच्या जेवणातलं अर्धं सुख असतं.

पण गोल करून बसू दिलं की एक गोष्ट कटाक्षाने बघावी लागते. कोण कुणाशेजारी बसत नाही? कोण मावशींच्या हातचं न खाता घरून डबा आणतं, आणि का? मी हे गावागावांत पाहिलं आहे, आणि याच्यावर पांघरूण घालणं मला कधी पटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 20 एप्रिल 2004 च्या आदेशात सांगितलं आहे की स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्या. जो पालक त्याला नाक मुरडतो त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. पालकसभा मधल्या सुट्टीला जोडून ठेव, पहिलं ताट तू घे, मावशींच्या हातून, सगळ्यांसमोर, आणि त्या पोराच्या शेजारी बसून जेव. बांधकामातही याचा विचार हवा. ताटं सगळी शाळेची, एकसारखी. घरून आणलेल्या ताटावरून घर ओळखू येतं. पिण्याचं पाणी एका ठिकाणी. आणि बाजूला सुटा, एकट्याचा कट्टा कुठेही बांधू नकोस. अशी जागा असली की तिथे कुणाला तरी बसवलं जातं.

वाढपात मुलांची पाळी लाव. सातवीतला पोरगा गळ्यात एप्रन घालून पहिलीच्या पोरांना कोशिंबीर वाढतो तेव्हा जेवण त्याचं स्वतःचं होतं, आणि तो टपरीवर जात नाही. गरम पातेलं मात्र मावशींकडेच.

मावशींना शेवटी ठेवू नकोस. केंद्राने 2009 साली त्यांचं मानधन महिना 1000 रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने. राज्य त्यात आपली भर घालतं. पैसे वाढवणं तुझ्या हातात नाही. पण त्यांना बसायला सावलीतली जागा, लुगडं-साडी बदलायला आडोसा, साबण-टॉवेल, वरचेवर बदलणारी जाड फडकी, आणि मुलांबरोबर ताट, एवढं तुझ्या हातात आहे. स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी एक कप्पा आणि एक खुंटी काढ. मुलं त्यांना नावाने मावशी म्हणून हाक मारतील हे बघ.

जागेचा निकष 100 मुलांपर्यंत 20 चौरस मीटर आणि पुढच्या शंभरापर्यंत आणखी 4, म्हणजे तुला 24 मिळतील. त्यात सगळं बसतं. पैसा कमी पडेल, पडतोच. तेव्हा काय गाळायचं ते आत्ताच ठरव. भिंतीवरची चित्रं गाळ, छतापर्यंतच्या टाइल्स गाळ, कमरेपर्यंत पुरतात. कमान गाळ, फलक गाळ. हात धुण्याचा पाइप, तीन वाढपाच्या जागा, दुसरा दरवाजा आणि पडवीची सावली यांतलं काही गाळू नकोस. जमिनीला शहाबादी खडबडीत फरशी घाल, गुळगुळीत चकचकीत नको. ओल्या पायांनी ताट घेऊन धावणारी मुलं आहेत. काम एप्रिलच्या अखेरीस सुरू कर, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत सिमेंट मुरतं. आणि गवंड्याचं शेवटचं बिल देण्याआधी स्वतः दोन बादल्या पाणी फरशीवर ओत. पाणी मोरीकडे न जाता दाराशी थांबलं तर उतार पुन्हा करून घे, मगच सही कर.